मेंदूचा स्वतःचा ‘गांजा’ मेंदूला वाचवतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फार्माकॉलॉजी शिकवताना हा चॅप्टर आला की वर्गात आधी खसखस पिकते, मग हळूच मागच्या बाकावरून प्रश्न यायला लागतात, आणि गंमत म्हणजे तेच प्रश्न नात्यातले, सोसायटीतले, ओळखीच्या ओळखीतले लोकही फोन करून विचारतात, बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. जिथे विषयच मोठा आहे तिथे उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

आपल्या शरीरात गांजा तयार होतो हे खरं का?

गांजा नाही हो. पण गांजातला नशा आणणारा मुख्य पदार्थ म्हणजे टीएचसी, तो मेंदूत ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घ्यायच्या जागेवर, जाऊन बसतो तो रिसेप्टर काही गांजासाठी बनलेला नाही. आपलं शरीर स्वतःच काही चरबीच्या जातीचे रेणू बनवतं, त्यांच्यासाठी तो आहे. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा, आनंदामाइड आणि २-एजी. रिसेप्टरही मुख्य दोनच, सीबी१ आणि सीबी२. सीबी१ मेंदूत भरपूर, सीबी२ जास्त करून इम्यून सेल्सवर. शिवाय हे रेणू बनवणारी आणि तोडणारी एन्झाइम्स. हे सगळं मिळून एन्डोकॅनाबिनॉइड सिस्टीम, पुढे मी नुसतं ईसीएस लिहीन, टाइप करायला सोपं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. मेंदूतले बाकीचे बरेचसे केमिकल मेसेंजर आधीच बनवून बारीक पिशव्यांत भरून तयार ठेवलेले असतात. हे दोघं तसे नाहीत. गरज पडली की पेशीच्या बाहेरच्या पडद्यातल्याच चरबीपासून तिथल्या तिथे बनतात, शेजारच्या पेशीवर काम करतात आणि थोड्याच वेळात तोडले जातात. जिथे लागतं तिथेच आणि जेव्हा लागतं तेव्हाच. खालची निम्मी उत्तरं यावरच उभी आहेत.

हे सगळं शोधलं कुणी?

सुरुवात इस्राएलमधून. राफाएल मेशुलम नावाचे केमिस्ट, २०२३ मध्ये वारले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पोलिसांकडून पकडलेला पाच किलो लेबनीज चरस मागून घेतला आणि पिशवीत टाकून चक्क बसने लॅबपर्यंत आणला, बसमधली माणसं म्हणे वास कसला येतोय म्हणून बघत होती! त्या चरसातून १९६४ मध्ये त्यांनी आणि येहिएल गाओनींनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याची रचना मांडली. मग बरीच वर्षं प्रश्न पडून होता की हे मेंदूत काम करतं कुठे. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट यांच्या लॅबने उंदराच्या मेंदूत त्याची बसायची जागा दाखवली, १९९० मध्ये सीबी१ चा जीन क्लोन झाला, १९९३ मध्ये सीबी२ सापडला. मधे १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच जेरुसलेमच्या लॅबमध्ये विल्यम डेव्हेन आणि लुमीर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून आनंदामाइड काढलं. हो, नाव आपल्या आनंदावरूनच आहे. १९९५ मध्ये २-एजी. म्हणजे बघा, हा सगळा विषय माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत पुस्तकात आलाय.

मेंदूची पेशी मरते म्हणजे नेमकं होतं काय? आधी ते सांगा.

बरोबर प्रश्न, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मेंदूत पेशी पेशीला निरोप देते त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा ‘चालू हो’वाला निरोप म्हणजे ग्लुटामेट. रोजच्या कामाला तो लागतोच, त्याशिवाय शिकणं नाही, आठवण नाही. पण स्ट्रोक आला, म्हणजे एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला, किंवा डोक्याला जबर मार बसला, किंवा फिट लांबली, की पेशींची एनर्जी संपते, त्यांचा कंट्रोल सुटतो आणि ग्लुटामेट बदाबदा बाहेर पडतं. समोरच्या पेशीवरचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर त्यामुळे उघडे राहतात आणि आत कॅल्शियम घुसत राहतं. थोडं कॅल्शियम पेशीला हवंच असतं, पण एवढं आलं की आतली प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स जागी होतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली एनर्जीची केंद्रं बंद पडायला लागतात, फ्री रॅडिकल नावाचे नासधूस करणारे रेणू तयार होतात आणि पेशी मरते. मरताना ती स्वतःतलं ग्लुटामेट बाहेर टाकते, मग शेजारची पण. याला एक्सायटोटॉक्सिसिटी म्हणतात. त्यात भर म्हणून सूज. कवटी काही पसरत नाही, त्यामुळे सुजेचा दाब चांगल्या भागावरही येतो.

स्ट्रोकमध्ये मधला भाग मिनिटांत जातो पण त्याच्या भोवतीचा भाग काही तास अर्धवट जिवंत असतो, आणि न्यूरोप्रोटेक्शन म्हणजे पेशी वाचवायची सगळी झटापट त्या भोवतालच्या भागासाठी असते.

मग ईसीएस तिथे काय करते?

ग्लुटामेट देणारी एक पेशी आणि घेणारी दुसरी. घेणाऱ्या पेशीत कॅल्शियम जास्त व्हायला लागलं की तीच पेशी आपल्या पडद्यातून २-एजी बनवते आणि ते उलट्या दिशेने देणाऱ्या पेशीकडे जातं. सोसायटीत वरची टाकी भरून वाहायला लागली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं ना, अहो पंप बंद करा, आणि खालचा वॉचमन स्विच पाडतो, अगदी तसं. देणाऱ्या पेशीच्या टोकावर सीबी१ असतो. त्यावर २-एजी बसलं की तिथले कॅल्शियम चॅनेल मिटतात, पोटॅशियम चॅनेल उघडतात आणि ग्लुटामेट सोडणं कमी होतं. हा उलटा निरोप २००१ मध्ये दोन-तीन लॅबनी जवळजवळ एकाच वेळी दाखवला आणि तिथून या विषयाला खरा वेग आला.

आता यातली मेख. सीबी१ फक्त ग्लुटामेटवाल्या पेशींवर नाही. गाबा नावाचा ‘शांत हो’वाला निरोप देणाऱ्या काही पेशींवर तर तो कितीतरी जास्त आहे. तिथे सीबी१ चालू झाला की शांत करणारा निरोपच कमी होतो, म्हणजे परिणाम उलटा. म्हणून ‘सीबी१ चालू म्हणजे मेंदूचं संरक्षण’ असं सरसकट म्हणता येत नाही. कुठल्या पेशीवरचा सीबी१, हे विचारावंच लागतं.

याला पुरावा आहे का, की नुसती थिअरी?

पुरावा आहे, आणि प्राण्यांमधला चांगला आहे. दोन प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढते.

पहिला २००१ चा, जेरुसलेमचा. उंदरांना भूल देऊन डोक्याला ठरावीक ताकदीचा, कवटी न उघडता मार दिला. मग मेंदूतलं २-एजी मोजलं तर ते वाढत गेलं, चार तासांच्या सुमारास नेहमीच्या १० पटींपर्यंत. म्हणजे मेंदू स्वतःच काहीतरी करत होता. आता हे वाढणं वाचवण्यासाठी की नुकसानीचाच भाग? म्हणून त्यांनी मार दिलेल्या उंदरांना बाहेरून बनवलेलं २-एजी टोचलं. सूज कमी झाली, मेलेला भाग लहान राहिला, हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींच्या भागातल्या पेशी कमी मेल्या आणि उंदीर लवकर सावरले. सोबत सीबी१ अडवणारं औषध दिलं की फायदा घटत गेला. पुढे सीबी१ चा जीनच नसलेल्या उंदरांवर तेच करून पाहिलं, तर २-एजी देऊनही उपयोग नाही. मला हा प्रयोग आवडतो कारण प्रत्येक पायरीला ‘कशावरून?’ असं स्वतःलाच विचारलंय.

दुसरा २००३ चा, जर्मनीतला. उंदरांना केनिक ॲसिड दिलं, त्याने जोरदार फिट येतात. नॉर्मल उंदरांत फिट सुरू झाल्यावर आनंदामाइड वाढलं. मग असे उंदीर बनवले ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या मुख्य, म्हणजे ग्लुटामेटवाल्या, पेशींत सीबी१ नाही, पण गाबावाल्या पेशींत आहे. त्यांच्या फिट भयंकर होत्या आणि पेशीही जास्त मेल्या. वर मी जी मेख सांगितली ना, तिचं उत्तर इथे मिळतं. फिटपासून वाचवणारा सीबी१ हा ग्लुटामेटच्या बाजूचा, आकड्याने थोडा असला तरी कामाचा तोच.

स्ट्रोकमध्येही सीबी१ नसलेल्या उंदरांचं नुकसान जास्त झाल्याचं २००२ मध्ये दिसलंय.

म्हणजे सगळे प्रयोग एकाच बाजूने आहेत?

अजिबात नाही, आणि हे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. काही लॅबना स्ट्रोकच्या उंदरांत सीबी१ *अडवल्यावर* नुकसान कमी झालेलं दिसलं, म्हणजे वरच्याच्या बरोबर उलटं. मॉडेल वेगळं, औषध द्यायची वेळ वेगळी, डोस वेगळा, कारणं बरीच असू शकतात.

अजून एक मस्त गोष्ट. सीबी१ चालू करणाऱ्या तगड्या औषधांनी उंदरांचं अंगच थंड पडतं, आणि मेंदू थंड असला की तो तसाही कमी मरतो. २००३ मध्ये एका इस्राएली टीमने एचयू-२१० हे औषध देऊन स्ट्रोकचे उंदीर वाचवले, मग औषध देऊन उंदरांना मुद्दाम ऊब दिली, तर फायदा गेला! म्हणजे त्या केसमध्ये वाचवणारं बरंचसं तापमान होतं. तेव्हा कुठलाही न्यूरोप्रोटेक्शनचा पेपर हातात आला की आधी शोधायचं, यांनी तापमान मोजलंय का.

ग्लुटामेट कमी करणं एवढंच काम, की आणखी काही?

आणखी आहे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या सफाई आणि पहाऱ्याच्या पेशी असतात. इजा झाली की त्या चवताळतात आणि सूज आणणारी केमिकल सोडतात, कधी गरजेपेक्षा जास्त. चवताळलेल्या मायक्रोग्लियावर सीबी२ वाढतो आणि तो चालू झाला की त्या थोड्या निवळतात. अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूतही अमायलॉइडच्या गाठींभोवतीच्या मायक्रोग्लियावर सीबी२ वाढलेला दिसलाय. सीबी२ ने नशा येत नाही, म्हणून औषध कंपन्यांचा त्यावर डोळा आहे. शिवाय २-एजी रक्तवाहिन्या आवळल्या जाणं कमी करतं, आणि सीबी१ मुळे बीडीएनएफ नावाचं पेशींना जगवणारं प्रोटीन वाढायला मदत होते. पण केंद्रस्थानी ग्लुटामेटचा ब्रेकच.

मग सरळ गांजा ओढला किंवा भांग प्यायली की मेंदू सेफ?

नाही. हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः होळी आणि महाशिवरात्रीच्या आसपास, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक आशा असते.

शरीराचं २-एजी बनतं एका जागी, काम करतं शेजारच्या टोकावर आणि लगेच मोडलं जातं. टीएचसी रक्तातून आख्ख्या मेंदूत पसरतं, तासन्‌तास राहतं, चरबीत साठतं आणि नियमित घेणाऱ्यांच्या शरीरात तर कित्येक दिवस सापडतं. मघाच्या टाकीचंच बोलायचं तर एका इमारतीची टाकी वाहत नसताना आख्ख्या कॉलनीचे पंप पाडण्यासारखं आहे ते. त्यातून ज्या पेशींचं काम नीट चालू होतं त्यांचंही बिघडतं, म्हणून तर विसराळूपणा, वेळेचं भान जाणं, तोल जाणं.

आणि रोज घेतलं तर मेंदू सीबी१ ची संख्याच कमी करतो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन करून हे दाखवलंय, सुमारे चार आठवडे बंद केल्यावर ते बरंचसं भरून येतं. म्हणजे संरक्षण वाढवायला म्हणून रोज घ्यायचं आणि ज्याच्यावर संरक्षण अवलंबून तेच कमी करून बसायचं, असा हा उलटा हिशोब.

पण अमेरिकेत गांजावाले पेशंट डोक्याच्या मारातून जास्त वाचले अशी स्टडी आहे ना?

आहे, २०१४ ची, कॅलिफोर्नियातली. डोक्याला मार लागलेल्या ४४६ पेशंटचे जुने रेकॉर्ड पाहिले. ज्यांची टीएचसी टेस्ट पॉझिटिव्ह होती त्यांच्यात मृत्यू २.४ टक्के, बाकीच्यांत ११.५ टक्के. आकडा ऐकून कान टवकारतातच. पण हे रेकॉर्ड चाळून केलेलं काम आहे, कुणाला काय द्यायचं हे ठरवून केलेला प्रयोग नाही. गांजावाले वयाने कसे होते, मार कसा लागला होता, सोबत दारू होती का, यातलं सगळं हिशोबातून काढता येत नाही, लेखकांनी प्रयत्न केला असला तरी. शिवाय गांजा घेऊन गाडी चालवल्याने अपघाताची शक्यता वाढते, तो भाग या आकड्यात येतच नाही, कारण इथे मोजणी हॉस्पिटलच्या दारातून सुरू होते.

हेल्मेट घाला. खरंच सांगते, या विषयातलं आजचं सगळ्यात पक्कं न्यूरोप्रोटेक्शन तेच.

अमेरिकन सरकारकडे याचं पेटंट होतं म्हणतात?

होतं. नंबर ६६३०५०७, २००३ मध्ये मिळालं, मालक तिथलं आरोग्य खातं, विषय कॅनाबिनॉइड, म्हणजे टीएचसीच्या जातीचे पदार्थ, हे अँटिऑक्सिडंट आणि न्यूरोप्रोटेक्टंट म्हणून. त्यामागे १९९८ चं काम होतं, ज्यात काचेच्या बशीत वाढवलेल्या उंदराच्या मेंदूपेशींवर ग्लुटामेट टाकलं आणि सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा पदार्थ) व टीएचसी दोघांनी त्या वाचवल्या, तेही रिसेप्टर अडवलेला असताना. म्हणजे तो परिणाम ईसीएसचा नव्हताच, फ्री रॅडिकल विझवण्याचा होता. आणि पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क, औषध चालतं याचं सर्टिफिकेट नव्हे. लोक हे दोन्ही एकच समजतात.

माणसांवर ट्रायल झाल्या का?

झाल्या, आणि निकाल निराशेचा.

डेक्सानाबिनॉल हे मेशुलम यांच्या कामातूनच आलेलं औषध, टीएचसीच्या नात्यातलं पण आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं, त्यामुळे सीबी१ वर बसत नाही, नशा नाही, पण एनएमडीए रिसेप्टर अडवतं. उंदरांत झकास. मग १५ देशांत डोक्याला गंभीर मार लागलेल्या ८६१ पेशंटवर ट्रायल झाली, मार लागल्यापासून सहा तासांच्या आत एक इंजेक्शन, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेलं नुसतं दिखाऊ इंजेक्शन. २००६ मध्ये निकाल छापून आला, औषधाने त्रास काही झाला नाही पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरकही नाही. शून्य.

मग ब्रिटनमध्ये वाढत जाणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजवणारा आजार) सुमारे ५०० पेशंटना तीन वर्षं टीएचसीच्या गोळ्या देऊन पाहिलं, आजाराचा वेग कमी होतो का. २०१३ चा निकाल, एकंदरीत नाही.

असं का होतं? उंदीर तरुण, एकाच जातीचे, मार मोजून मापून दिलेला, औषध द्यायची वेळ आपल्या हातात. आपल्याकडचा पेशंट ६५ वर्षांचा, डायबेटिस, बीपी, मार कधी लागला नक्की माहीत नाही, दोन हॉस्पिटल फिरून तिसऱ्यात आलेला. आणि हे फक्त कॅनाबिनॉइडचं दुखणं नाही, न्यूरोप्रोटेक्शनची ढीगभर औषधं उंदरांत पास आणि माणसांत नापास झालीत.

बाहेरून देण्यापेक्षा शरीराचंच आनंदामाइड किंवा २-एजी टिकवून ठेवलं तर?

मला विचाराल तर खरी हुशारीची वाट हीच. आनंदामाइड तोडणारं एन्झाइम एफएएएच, २-एजी तोडणारं एमएजीएल. ते अडवलं की जिथे रेणू बनतोय तिथेच तो जास्त टिकेल, बाकी मेंदू निवांत. एमएजीएलची तर दुहेरी गंमत आहे, ते २-एजी तोडून ॲराकिडॉनिक ॲसिड बनवतं आणि त्यापासून मेंदूत सूज आणणारे प्रोस्टाग्लँडिन बनतात. म्हणजे ते अडवलं तर संरक्षण वाढणार आणि सुजेचा कच्चा माल कमी होणार. २०११ मध्ये पार्किन्सनच्या उंदरी मॉडेलमध्ये डोपामिनच्या पेशी अशा वाचल्याही. पण एमएजीएल फार दिवस पूर्ण अडवलं तर मेंदू पुन्हा सीबी१ कमी करायला लागतो, हेही उंदरांत दिसलंय.

एफएएएचच्या बाबतीत एक वाईट गोष्ट घडली. जानेवारी २०१६, फ्रान्समधलं रेन शहर. बीआयए १०-२४७४ नावाच्या एफएएएच अडवणाऱ्या औषधाची निरोगी माणसांवर पहिलीच ट्रायल चालू होती. सगळ्यात वरचा डोस रोज घेणाऱ्या गटातले सहा जण हॉस्पिटलमध्ये गेले, एकाचा मृत्यू झाला, काहींच्या मेंदूला इजा झाली. पुढे तपासात दिसलं की हा रेणू एफएएएच सोडून भलत्याच एन्झाइम्सनाही चिकटत होता. इतर कंपन्यांच्या तशाच औषधांनी असं काही केलं नव्हतं, तरी सगळ्यांचंच काम मंदावलं.

आणि ही सिस्टीम बंदच केली तर?

ते पण माणसांवर होऊन गेलंय, जवळजवळ नकळत. रिमोनाबँट, सीबी१ अडवणारी वजन कमी करायची गोळी, २००६ मध्ये युरोपात आली. वजन कमी व्हायचं पण डिप्रेशन, आत्महत्येचे विचार यायला लागले, म्हणून २००८ मध्ये युरोपातून काढली. आपल्याकडेही विकली जायची, २००९ मध्ये बंदी आली.

सीबीडी ऑइलचं काय? ते तर आता केमिस्टकडे, ऑनलाइन सगळीकडे मिळतं.

सीबीडी नशा आणत नाही आणि सीबी१ वर थेट फारसं बसतही नाही, त्याचे रस्ते वेगळे. पक्का पुरावा एका ठिकाणी आहे, लहान मुलांच्या काही दुर्मिळ आणि हट्टी फिट्स, ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम. त्यासाठी शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांसाठी स्पेनमध्ये डुकराच्या पिल्लांवर चांगलं काम झालंय. मेंदूपेशी वाचवायला म्हणून मोठ्यांना देण्याइतका पुरावा मात्र नाही.

आता बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. आपल्याकडे ही तेलं बहुधा आयुर्वेदिक लायसन्सवर विकतात, घटक म्हणून ‘विजया’ लिहिलेलं असतं, म्हणजे भांगेची पानं. पुढे मिलिग्रॅम लिहिलेत ते एकूण अर्काचे की सीबीडीचे? टीएचसी किती? बरेचदा पत्ताच नसतो. आणि फिट्सच्या मंजूर औषधाचा डोस असतो दर किलो वजनामागे रोज १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या पोरालाही २०० ते ४००. बाटलीतल्या दोन थेंबांशी त्याची तुलना करून बघा.

आजोबांना विसरायला होतं. म्हातारपणी थोडं टीएचसी चांगलं असं वाचलं?

ते जर्मनीतल्या बॉनचं २०१७ चं काम असणार. म्हाताऱ्या उंदरांना २८ दिवस अगदी थोडं टीएचसी दिलं तर त्यांचं शिकणं आणि आठवणं सुधारलं. वयानुसार ईसीएस मंदावते, तिला थोडा धक्का दिला अशी त्यांची मांडणी. भारी आहे, पण त्याच प्रयोगात तरुण उंदरांचं शिकणं बिघडलं, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. आजोबांना प्लीज देऊ नका, पडणं, गोंधळणं, बीपी खाली जाणं हे धोके खरे आहेत. त्यापेक्षा बी१२, थायरॉइड, कानांची तपासणी आणि रात्रीच्या झोपेच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे आधी बघून घ्या.

कॉलेजच्या पोरांना धोका जास्त का?

कारण मेंदूचा पुढचा भाग, निर्णय आणि संयमवाला, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो आणि कुठली जोडणी ठेवायची, कुठली छाटायची या कामात ईसीएस स्वतः गुंतलेली असते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांवर आयुष्यभर लक्ष ठेवलंय, त्यात टीनेजपासून सतत गांजा घेणाऱ्यांचा आयक्यू ३८ व्या वर्षापर्यंत ८ पॉइंटपर्यंत घसरलेला दिसला. पुढे जुळ्यांच्या स्टडीजनी यावर शंका घेतली, घरच्या परिस्थितीचा भाग असेल म्हणून, वाद चालू आहे. सायकोसिसचं, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचं, मात्र दिवसेंदिवस स्पष्ट होतंय, जितकं टीएचसी जास्त आणि जितकं रोज, तितका धोका जास्त. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर लांबच राहा.

आपल्याकडे तर हे पूर्वापार औषध आहे ना?

आहे, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांनी ते इथूनच उचललं. १८३९ मध्ये कलकत्त्याला विल्यम ओ’शॉनेसी या आयरिश डॉक्टरने गांजाच्या अर्काचे प्रयोग छापले, त्यात धनुर्वात होता, आणि ४० दिवसांच्या एका बाळाच्या आचक्या त्याने थांबल्याचं त्याने लिहिलंय. फिट्स आणि कॅनाबिनॉइड हे नातं एवढं जुनं. पण त्या काळी धनुर्वाताला दुसरं काहीच नव्हतं हेही धरा. कायद्याचं थोडक्यात, १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा आणि चरस येतात, फुलांचे शेंडे नसलेली नुसती पानं येत नाहीत, पण महाराष्ट्रात भांगेवर राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली निर्बंध आहेत. आणि औषध नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे ती असलेलं आयुर्वेदिक औषधही वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं. ‘आयुर्वेदिक आहे म्हणजे काही होत नाही’ हे मुळात आयुर्वेदाचंच म्हणणं नाही.

खाण्यापिण्यातून, व्यायामातून ईसीएस सुधारते का?

थोडं थोडं. मध्यम वेगाने पळणं किंवा भराभर चालणं केलं की रक्तातलं आनंदामाइड वाढतं, पळाल्यावर जे छान वाटतं त्यात त्याचा हात आहे. मिरी आणि लवंगेत बीटा-कॅरिओफायलिन असतं, ते सीबी२ वर बसतं हे २००८ मध्ये सापडलं. म्हणून काढ्यात मूठभर मिरी टाकू नका, फक्त पोट जळेल. चॉकलेटमध्ये आनंदामाइड आहे हे खरं, पण इतकं किरकोळ की बातमीपुरतंच. आणि गंमत, आपली साधी पॅरासिटामॉल. तिचा थोडासा भाग मेंदूत एएम४०४ नावाच्या रेणूत बदलतो, तो आनंदामाइड जास्त टिकवतो, आणि उंदरांत सीबी१ अडवला की पॅरासिटामॉलने दुखणं कमी होत नाही. गोळी गिळताना कुणाच्या मनात तरी येतं का हे! पण म्हणून जास्त गोळ्या खाऊ नका, लिव्हर जाईल.

घरात कुणाला स्ट्रोक आला तर सीबीडीचे थेंब जिभेखाली टाकू का?

नको, तोंडात काहीच घालू नका. गिळता येत नसेल तर फुप्फुसात जाईल. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, एवढं दिसलं की घड्याळ बघा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मघाशी म्हटलं ना भोवतालचा भाग काही तास तग धरतो, तो तेवढ्यातच वाचवायचा असतो.

सीबीडी किंवा भांगेचं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगायला हवं का? लाज वाटते.

सांगाच. सीबीडी लिव्हरमधल्या ज्या एन्झाइम्सना अडवतं त्यांच्यावरच बाकीची औषधं निघून जाणं अवलंबून असतं. फिट्ससाठी क्लोबाझाम चालू असेल तर त्याचं प्रमाण वाढून पेशंट झोपाळून जातो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची टेस्ट) बघावा लागतो. व्हॅल्प्रोएट या फिट्सच्याच दुसऱ्या औषधासोबत रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स वाढतात. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्कीच, रोज गांजा घेणाऱ्यांना भुलीचं औषध जास्त लागल्याचं आढळलंय. चार लोकांसमोर बोलायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, पण काय घेता, किती आणि शेवटचं कधी घेतलं, हे तिन्ही लिहा आणि बाटली सोबत न्या.